सारिया : तुमचा एक आक्षेप मान्य, दुसरा नाही

सविस्तर लिहिलंत, आभार. बार्सिलोना शहरातल्या, पाडलेल्या सारिया फुटबॉल स्टेडियमवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं : मैदान एस्पान्योल क्लबनेच विकलं, मग बिल्डरच्या नावाने गळा कशाला काढायचा? आणि १९८२च्या वर्ल्ड कपमधली इटली-ब्राझील मॅच वगळली तर त्या जागेत आहे काय?

पहिलं मान्य. मी ‘स्टेडियम पाडलं गेलं’ असं लिहिलं, आणि त्या ‘गेलं’मध्ये विकणारा अलगद सुटला. क्लब कर्जात बुडाला होता, जमीन चांगल्या वस्तीतली. ती विकून देणी भागवली. सप्टेंबर १९९७मध्ये सुरुंग लावून स्टँड उडवले. आज तिथे इमारती आणि बाग आहे. लेखातलं ते वाक्य बदलतो.

दुसरं मात्र पटत नाही. मैदान १९२३चं. स्पॅनिश लीगचा पहिलावहिला गोल १९२९मध्ये इथेच झाला, एस्पान्योलच्या पितुस प्रातचा. १९८८च्या यूएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या फायनलचा पहिला सामनाही इथलाच. एस्पान्योलने जर्मनीच्या लेव्हरकुसेनला ३-० हरवलं, परतीच्या सामन्यात तेवढेच तीन खाल्ले आणि पेनल्टीवर कप घालवला! एस्पान्योलवाल्याला सारिया म्हटल्यावर आधी ही जखम आठवत असणार, १९८२च्या त्या मॅचमधला इटलीचा रॉस्सी नंतर.

बरं, ती मॅच वगळायची तरी का? त्याच शहरात कॅम्प नोऊ हे कितीतरी मोठं स्टेडियम होतं. तिथे वर्ल्ड कपच्या त्याच फेरीत पोलंड, बेल्जियम आणि सोव्हिएत संघ खेळले, आणि ब्राझील, अर्जेंटिना, इटली यांना कोंबलं सुमारे ४४ हजारांच्या सारियात. असली वाटणी कुणाला सुचली कोण जाणे. पुढे जायला ब्राझीलला बरोबरीही पुरत होती. रॉस्सीच्या पहिल्या दोन गोलांना त्यांनी उत्तर दिलं, तिसऱ्याला जमलं नाही. अगदी शेवटी ब्राझीलच्या ऑस्करने हेडर मारला, तो इटलीचा गोलकीपर, चाळिशीच्या झॉफने गोललाइनवरच हातांखाली दाबून धरला. इटली ३, ब्राझील २.

राहता राहिला तुमचा टोमणा, ‘विकलं तर विकलं, रडायचं कशाला?’ अहो, विकलं क्लबच्या कारभाऱ्यांनी, स्टँडमध्ये बसणाऱ्यांना कुणी विचारलं होतं? त्यांनी पुढची बारा वर्षं मॉन्जुइकच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये काढली, खेळाडू आणि आपण यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक. स्वतःचं मैदान मिळायला २००९ उजाडलं, आणि तेही शहराबाहेर, कोर्नेयात.