पी५३ 'निगेटिव्ह' म्हणजे सुटलो, हे कुणी सांगितलं?

गेल्या आठवड्यात खानापूरहून आत्याचा फोन. "पी५३ निगेटिव्ह आलंय की गे माझं, मग किमो कशाला?" पी५३ म्हणजे गाठीच्या तुकड्यावर रंग लावून बघतात ते एक प्रथिन.

पाळी जाऊन बारा वर्षं झाली आणि तिच्या अंगावरून जायला लागलं. क्युरेटिंग केलं, पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला, तोही हाय ग्रेड, म्हणजे जोरानं वाढणारा. ऑपरेशन झालं. आता पुढचे उपचार सुरू होणार, तर भिशीच्या ग्रुपवर हा मेसेज आला. त्यात चार गोष्टी आहेत. हाय ग्रेड कॅन्सर सगळे सारखेच, आयएचसी, म्हणजे तुकड्यातली प्रथिनं रंगवून बघायची चाचणी, ही नुसती लॅबची कमाई. पी५३ निगेटिव्ह असेल तर गाठ सौम्य, किमो नाकारा. एकाच तुकड्याला दोन डॉक्टर दोन नावं देतात, म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार. आणि बायोप्सीनं कॅन्सर पसरतो.

मी बेळगावात हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. हे तुकडे कापायचे, रंगवायचे, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे आधी दुसरा मुद्दाच घेते, कारण त्यानं माणूस मरू शकतं.

आत्याच्या रिपोर्टवर 'निगेटिव्ह' हा शब्दच नाही. तिथं इंग्रजीत लिहिलंय की गाठीच्या पेशींत पी५३चा रंग अजिबात नाही, नल पॅटर्न, म्हणजे बिघडलेला. 'रंग नाही' एवढंच तिच्या नातवानं वाचलं आणि त्याचं 'निगेटिव्ह' केलं. कोरोनापासून निगेटिव्ह म्हणजे पेढे वाटायचे, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. इथं नेमकं उलट आहे.

पी५३ हे पेशीतलं राखणदार प्रथिन. धडधाकट पेशीत ते थोडंच बनतं आणि लगेच मोडून जातं. म्हणून मेणाच्या ब्लॉकमधून चार मायक्रॉनचा काप काढून रंगवला, की काही केंद्रकं फिकी तपकिरी, काही मध्यम, काही कोरी दिसतात. हे नॉर्मल. जनुक एका तऱ्हेनं बिघडलं तर मोडकं प्रथिन साचत जातं आणि गाठीतली जवळजवळ सगळी केंद्रकं गडद तपकिरी होतात. दुसऱ्या तऱ्हेनं बिघडलं तर प्रथिन बनतच नाही, गाठ कोरी राहते. गल्लीतला राखणदार रात्रभर शिट्टी फुंकत बसला तरी काहीतरी घोटाळा आहे, आणि एकदाही शिट्टी आली नाही तरी आहेच.

मग रंगच नीट लागला नसेल तर? हा प्रश्न आम्हालाही पडतो. म्हणून त्याच काचेवर शेजारच्या निरोगी पेशी बघतात. आत्याच्या काचेवर गाठ पांढरी स्वच्छ, आणि तिच्या मधल्या जागेत साध्या पेशींचे फिके तपकिरी ठिपके. म्हणजे रंग लागलाय, प्रथिन गाठीतच नाही.

"सगळे सारखेच" याला एकच उत्तर पुरे. पोर्टेक-३ या उपचारांची तुलना करणाऱ्या चाचणीत ऑपरेशननंतर काही बायकांना फक्त रेडिएशन दिलं, काहींना रेडिएशनसोबत किमो. सगळ्या जास्त धोक्याच्या गटातल्या. त्यातल्या ४१० जणींच्या गाठींची जनुकीय वर्गवारी २०२० साली छापून आली. पाच वर्षांनी आजार न उलटता जिवंत असलेल्या बायका पोल या डीएनएची नक्कल करणाऱ्या जनुकात बदल झालेल्या गटात ९८ टक्के, पी५३ बिघडलेल्या गटात ४८ टक्के. आणि या पी५३वाल्या गटात नुसत्या रेडिएशनवर ३६ टक्के, किमो जोडल्यावर ५९. आत्या याच गटातली. मेसेज तिला नेमकी किमोच सोडायला सांगतोय. लिहिणाऱ्याला काय म्हणावं!

या कॅन्सरच्या बाकी प्रकारांच्या नावांतही फरक आहेच. सिरस प्रकारात पी५३ जवळजवळ नेहमी बिघडलेलं असतं आणि पी१६ हे दुसरं प्रथिन सगळीकडे गडद उठतं. क्लिअर सेल हा प्रकार ओळखायला नॅप्सिन-ए हे प्रथिन मदत करतं, ईआर-पीआर हे हार्मोनचे मार्कर (रंगवून बघायच्या खुणा) बहुधा कोरे. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ या डीएनए दुरुस्त करणाऱ्या चौघा प्रथिनांपैकी कुणी गायब असेल तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या कॅन्सरच्या धोक्याचा, विचार करावा लागतो, म्हणजे लेकी-बहिणींनाही सांगायची वेळ येऊ शकते. ही 'लॅबची कमाई'!

आता तिसरा मुद्दा. कबूल करायला जीवावर येतं, पण अर्धा खरा आहे. हाय ग्रेड गाठीच्या नावावरून अनुभवी पॅथॉलॉजिस्टांतही मतभेद होतात. ग्रेड ३ एंडोमेट्रिऑइड या प्रकारातही काही वेळा पी५३ बिघडलेलं सापडतं, म्हणून एकट्या मार्करवर नाव ठरत नाही. पोलचा बदल तर कुठल्याच रंगात दिसत नाही, त्याला जनुकाचीच चाचणी लागते. ती महाग आहे आणि सगळीकडे होत नाही. पण डोळ्यांना नीट ओळखू येत नाही म्हणूनच तर मार्कर लावतात. शंका असेल तर ब्लॉक आणि काचा मागून घ्या, मिरजेला, हुबळीला, कुठंही दाखवा.

बायोप्सीनं पसरतो? नाही. तुकडा न घेता कॅन्सर आहे की नाही हेच ठरत नाही.

आणखी एक खटकलं ते सांगते. आत्याची संमती घेतली त्या कागदावर कन्नड, रिपोर्ट इंग्रजीत. तिला घडाघडा वाचता आला तो फक्त हा मेसेज. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली बाई दुसरं काय करणार? तिच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं देऊन ही एक ओळ समजावली असती तर तो फोन आलाच नसता.

परवा रविवारी जाऊन काचेचा फोटो मोबाईलवर तिला दाखवला. बराच वेळ बघितला. "हे पांढरं ते माझं होय?" म्हणाली. मग सोमवारच्या किमोला कोण कोण येणार ते विचारलं. मेसेज टाकणारे भावोजीच गाडी काढणार आहेत.