कुलूप लावलेले घर कोणाचे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

महाशय,

राज्यसंस्था नसलेल्या समाजात घर आणि जमीन कोणाची, हे खरेदीखतावरून नव्हे तर प्रत्यक्ष वहिवाटीवरून ठरावे, असे मांडणाऱ्या माझ्या लेखावर आपण लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत. ती मी तीनदा वाचली आणि उत्तराला मुद्दाम आठवडा घेतला, कारण त्याच रात्री लिहायला बसलो असतो तर माझीही भाषा आपल्यासारखीच झाली असती. आपली सुरुवातच अशी आहे : ‘ज्याच्या बापजाद्यांनी कधी स्वतःचे घर बांधले नाही, त्यालाच दुसऱ्याच्या घराविषयी असले विचार सुचतात.’ माझा मुद्दा खोडायचा होता तर तो खुशाल खोडावा. त्यासाठी माझ्या वाडवडिलांना मध्ये ओढण्याची गरज नव्हती. आता ओढलेच आहे, तर त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

आधी माझी चूक. लेखातल्या एका वाक्यात मी कूळ आणि मुंडकार हे शब्द एकाच अर्थाने वापरले होते, ते आपण दाखवून दिलेत आणि ते बरोबर आहे. कूळ शेत कसते, मुंडकार भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर करून राहतो. पहिल्याला गोव्याच्या १९६४ च्या कूळ कायद्याने आणि त्याच्या १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने हक्क दिला, दुसऱ्याला १९७५ च्या मुंडकार कायद्याने. ते वाक्य मी दुरुस्त केले आहे. परंतु एवढ्या गफलतीवरून ‘लेखकाला गोव्याच्या जमिनीतले ओ की ठो कळत नाही’ असा निकाल देणे हे वाचकाचे काम नव्हे, आणि हे वाक्य लिहिताना आपल्यालाही ते जाणवले असावे असे मला वाटते.

आता आपले मुख्य वाक्य. आपण विचारता : ‘मी चार वर्षे कुवेतला नोकरीला होतो. तेवढ्यात कोणी कुलूप फोडून आत संसार थाटला असता, तर तुमच्या समाजात घर त्याचे झाले असते काय?’

नाही, झाले नसते. लेखात मी कुठेही तसे म्हटलेले नाही, आणि ज्या विचारवंतांचा मी आधार घेतला त्यांनीही तसे म्हटलेले नाही. फ्रेंच अराज्यवादी विचारवंत प्रूधोंने १८४० साली ‘मालकी म्हणजे चोरी’ असे लिहिले, तेव्हा त्याच ग्रंथात मालकी आणि कब्जा ह्यांत त्याने स्पष्ट फरक केला. माणूस राहतो ते घर आणि कसतो ते शेत हिरावून घ्यावे असे त्याला सुचवायचे नव्हते. स्वतः न राबता, न राहता, केवळ कागदाच्या जोरावर दुसऱ्याच्या राबण्यातला वाटा उचलण्याच्या अधिकारावर त्याचा रोख होता. प्राचीन रोमचा वक्ता सिसेरो ह्याने दिलेला नाट्यगृहाचा दाखलाही तो घेतो : नाट्यगृह सर्वांचे, पण ज्या जागेवर जो बसला ती त्याची.

हा दाखला आपल्याकडे अधिक चांगला समजतो. जत्रेच्या रात्री नाटक उशिरा सुरू होते, म्हणून बायका संध्याकाळीच देवळासमोरच्या मांडवात चटया पसरून ठेवतात आणि जेवायला घरी जातात. परत येईपर्यंत त्या चटईवर कोणी बसत नाही. चटईवर नाव लिहिलेले नसते, पावती नसते, पहारेकरी नसतो. शेजारच्या चटईवरची बाई ‘इथे माणूस आहे’ एवढे सांगते आणि ते पुरते. आता एखाद्याने दुपारीच दहा चटया पसरल्या आणि रात्री येणाऱ्यांकडून बसण्याचे पैसे मागितले, तर लोक त्या चटया गुंडाळून बाजूला ठेवतील, आणि त्यांना कोणी चोर म्हणणार नाही. आपण कुवेतला गेलात तेव्हा आपली चटई पसरलेली होती. आपले सामान आत होते, शेजाऱ्यांना आपण कधी येणार हे ठाऊक होते, परतण्याचा आपला इरादा उघड होता. जाणे आणि सोडून देणे ह्यांतला फरक गोव्याला तरी शिकवावा लागू नये. ज्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे तारवावर, म्हणजे जहाजावर नोकरीला, गेली, तिथे बंद दार म्हणजे बेवारस दार असे कोणी समजले नाही.

मग किती वर्षांनंतर घर सोडून दिले असे मानायचे? ह्याचा एकच आकडा मी देत नाही, ह्याला आपण ‘पळवाट’ म्हटले आहे. हा आकडा त्या त्या गावाने आपापल्या रीतीने ठरवावा असे माझे म्हणणे आहे, आणि त्यात पळवाट ती कसली? जो सरकारी कायदा आपल्याला इतका भरवशाचा वाटतो, त्यातही असा आकडा आहेच. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार खाजगी जमिनीवर दुसऱ्याचा प्रतिकूल कब्जा सलग १२ वर्षे राहिला आणि मालकाने दावा लावला नाही, तर मालकाचा हक्क संपतो. म्हणजे न वापरल्याने हक्क झिजतो हे राज्यसंस्थेलाही मान्य आहे. फरक एवढाच की कायद्याला तो कब्जा मालकाच्या विरोधात असावा लागतो. जो परवानगीने, मान खाली घालून राहिला, त्याची वर्षे ह्यात मोजली जात नाहीत. मला हे फार उलटे वाटते, आणि का वाटते ते सांगण्यासाठी आता माझ्या बापजाद्यांकडे येतो.

माझे आजोबा मुंडकार होते. त्यांनी घर बांधले, स्वतःच्या हातांनी बांधले. माती तुडवून भिंती घातल्या आणि वर विणलेल्या चुडतांचे, म्हणजे माडाच्या झावळ्यांचे, छप्पर केले. चिऱ्यांचा चौथरा घालण्याची परवानगी त्यांनी दोनदा मागितली. चिरा बसला की माणूस हलत नाही, म्हणून ती मिळाली नाही. आजी दर वर्षी पावसाच्या तोंडावर चुडते विणायला बसे, आणि तिच्या बोटांच्या पेरांवरच्या चिरा श्रावणापर्यंत भरून येत नसत. भाटकारांचे कुटुंब तोवर मुंबईला राहायला गेले होते. त्यांच्या मोठ्या घराची किल्ली आमच्याकडे असे. माझे वडील पंधरवड्यातून एकदा शिंपल्यांच्या खिडक्या उघडत, वाळवी झाडत, गळेल तिथे घमेले ठेवत आणि मे महिन्यात शाकारणी करून घेत. ह्याचा मोबदला म्हणजे आम्हांला राहू दिले जाणे.

मुंडकार कायदा आला आणि भाटकारांच्या पुढच्या पिढीने किल्ली परत मागितली. आत पाऊल टाकणारा उद्या हक्क सांगेल, ही त्यांची भीती. तिसऱ्या पावसात आढे खचले. आज त्या घरात भेंडीचे झाड उभे आहे, आणि वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया, अजून संपलेली नाही. आपण म्हणाल की वहिवाटीच्या हक्काच्या भीतीनेच ते घर पडले. मी म्हणतो, तिथे न राहता, न झाडता, मालक म्हणून राहण्याची मुभा जाईल ह्या भीतीने ते पडले. माझ्या वडिलांनी त्या घरातली एक वीटही मागितलेली नव्हती. आपण चार वर्षांच्या कुलपाविषयी विचारता, आणि मी चाळीस वर्षांच्या कुलपाविषयी बोलतो आहे. ही दोन कुलुपे सारखी नाहीत, आणि हे समजून न घेताच आपण लेखणी उचललीत असे मला स्पष्टपणे म्हणावे लागते.

आपली शंका नवीही नाही. अमेरिकन अराज्यवादी बेंजामिन टकरने १८८१ ते १९०८ ह्या काळात चालवलेल्या ‘लिबर्टी’ ह्या नियतकालिकातून वहिवाटीचे तत्त्व मांडले. त्याच परंपरेतल्या लायसँडर स्पूनरला मात्र वापर थांबला म्हणून जमिनीवरचा हक्क संपतो हे पटत नव्हते. स्पूनरचा युक्तिवाद आपल्यापेक्षा कितीतरी बळकट आहे, आणि त्यात कोणाच्या बापजाद्यांचा उद्धार नाही.

कोमुनिदादीचा, म्हणजे गावाची जमीन सामाईक राखणाऱ्या गोव्यातल्या जुन्या गावसंस्थेचा, दाखला मी दिला त्यालाही आपण हसला आहात. ही गावकारी म्हणजे माझ्या कल्पनेतला समाज, असे मी म्हटलेले नाही; झोण, म्हणजे तिच्या उत्पन्नातला वाटा, गावकरांच्या घराण्यांतल्या पुरुषांनाच मिळे, हे मला माहीत आहे. जमीन गावाची ठेवून शेते ठरावीक मुदतीसाठी पावणीने, म्हणजे लिलावाने, कसायला देता येतात आणि तरी भात पिकते, एवढेच मला दाखवायचे होते. कसणाऱ्यांच्या हाती जमीन गेल्यावर खाजनांचे, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांचे, बांध फुटले आणि मानशींकडे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांकडे, पाहायला कोणी उरले नाही, हा आपला परिच्छेद वेगळ्या विषयाचा आहे. त्यात सरकारचाही हात आहे आणि त्याची चर्चा इथे करत नाही. न्यायालयाविना तंटे कोण सोडवणार, ह्याचे उत्तर मूळ लेखाच्या उत्तरार्धात आहे; तो आपण वाचलेला दिसत नाही.

शेवटी आपण विचारले आहे की मी राहतो त्या घराचा कागद कोणाच्या नावावर आहे. तो आईच्या नावावर आहे. मुंडकार कायद्याखाली अर्ज करून, आजोबांनी भिंती घातल्या त्यानंतर साठाहून अधिक वर्षांनी, पैसे भरून आम्ही तो मिळवला, आणि त्याच वर्षी चिऱ्यांचा चौथरा घातला. आई तिथेच राहते, आणि हे उत्तर मी त्याच घराच्या सोप्यावर बसून लिहिले आहे.