यादी आई-बाबांची, वेळापत्रक आपलं

मे-जून जवळ आला की इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. "आई-बाबा येतायत, दहा दिवस सुट्टी मिळालीय, काय काय दाखवू?" खाली उत्तरांचे दोन पक्ष तयार होतात. पहिला पक्ष : पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम, आणि जमलंच तर जाताजाता प्राग. दुसरा पक्ष : छे, ते सगळं टुरिस्टी, नुसती गर्दी. त्यापेक्षा फ्रान्सच्या आल्सास भागातल्या एखाद्या गावात निवांत राहा, द्राक्षमळे बघा, त्यांना खरा युरोप दाखव.

माझं दोन्ही पक्षांशी भांडण आहे, पण दुसऱ्याशी जास्त.

पहिल्या पक्षाला निदान एवढं कळतं की सांगलीहून पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसाला आयफेल टॉवर बघायचा असतो. आपल्याला त्याचा कंटाळा आला, कारण आपण इथे राहून तो तीन-चार पाहुण्यांबरोबर बघितला. त्यांना कुठे आलाय? ज्या पिढीने युरोप शाळेच्या नकाशात आणि थिएटरच्या पडद्यावर पाहिला, तिच्या मनातल्या युरोपात आयफेल आहे, बर्फ आहे, हिरव्या उतारावर घंटा बांधलेल्या गाई आहेत. इंटरलाकेनच्या कुरसाल बागेत यश चोप्रांचा पुतळा उगाच नाही उभा केला स्विस लोकांनी. त्यांना आपले आई-बाप आपल्यापेक्षा बरे कळलेत. 'खरा युरोप' ही आपली हौस आहे. ती आपण आपल्या सुट्टीत, आपल्या पैशाने भागवावी.

तेव्हा यादी त्यांची. मात्र नुसती नावं घेऊन थांबू नका, प्रत्येक नावापुढे 'कशासाठी?' हे विचारा. आमच्याकडे बाबांनी यादीत स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राऊ शिखर घातलं होतं आणि मी बर्फाची तयारी करत होतो. विचारल्यावर कळलं, बर्फाचं त्यांना काहीच नाही. पाटबंधारे खात्यात नोकरी गेली, आयुष्यभर बोगदे आणि भिंती बघितल्या. त्यांना शेजारच्या आयगर डोंगराच्या पोटातून जाणारा रेल्वेचा बोगदा बघायचा होता. १८९६ साली काम सुरू केलं आणि १९१२ साली गाडी वर पोहोचवली, हे त्यांना तोंडपाठ. बर्फ हवा होता आईला, तोही हातात घेण्यापुरता. आणि आईच्या यादीत ट्यूलिपची शेतं होती. आता आई-बाबा येणार जूनमध्ये, आणि हॉलंडमधली क्योकेनहोफची ट्यूलिपची बाग मेच्या मध्याला बंद होते. ते तिला सरळ सांगितलं. 'कशासाठी'चं उत्तर 'फुलं, भरपूर फुलं' असं होतं, मग आम्ही कॉन्स्टान्सजवळच्या मायनाऊ बेटावर गेलो. जूनमध्ये तिथे गुलाब असतात. घरापासून अडीच-तीन तासांवर, मुक्कामसुद्धा लागला नाही.

आता वेळापत्रक. ते मात्र पूर्णपणे आपलं, त्यात लोकशाही नको. कारण "झेपेल ना?" या प्रश्नाला आपल्याकडच्या आई-बाबांचं एकच उत्तर असतं : "आम्हाला काय होतंय!" मुलाचे पैसे गेलेत म्हटल्यावर गुडघा सुजला तरी ते सांगणार नाहीत. त्यामुळे शहरांच्या हिशोबाने आखणी करायचीच नाही. जिने, संडास आणि दुपारचं जेवण या तिन्हीच्या हिशोबाने करायची.

जिन्यांचं सांगतो. पॅरिसची मेट्रो आपल्याला फार सोयीची वाटते, पण बहुतेक स्टेशनांत लिफ्ट नाही. पूर्णपणे बिनजिन्याची म्हणावी अशी १४ नंबरची एकच लाइन. बाकी ठिकाणी खाली उतरा, बोळातून चाला, पुन्हा चढा. शिवाय आईला सरकत्या जिन्याची धास्ती. ती पहिल्या पायरीपुढे थांबते आणि मागे रांग लागते. तेव्हा पॅरिसमध्ये बस धरा. वेळ जास्त लागतो, पण खिडकीतून शहर दिसतं आणि आई-बाबांना तेच तर हवं असतं. स्टुटगार्टहून पॅरिसला थेट गाडी सव्वातीन तासांत जाते, त्यामुळे विमानाच्या फंदात पडायचं कारण नाही.

आयफेलचं आणखी एक गणित आहे, जे कुणी सांगत नाही. बाबांना रात्रीचं लाइटिंग बघायचं होतं. अंधार पडल्यावर दर तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं तो टॉवर लुकलुकतो. पण जूनमध्ये पॅरिसला सूर्यच मावळतो दहाच्या सुमाराला, म्हणजे ते लुकलुकणं बघायला रात्रीचे अकरा वाजणार. आणि आपली मंडळी पहाटे चारलाच उठून बसलेली. मग त्या दिवशी सकाळी थोडंच फिरायचं, दुपारी खोलीवर येऊन चक्क झोपायचं, आठला जेवून मग बाहेर पडायचं. एका लाइटिंगसाठी अख्खा दिवस असा वाकवावा लागतो. वाकवा. वर चढायचं असेल तर लिफ्टची तिकिटं दोन महिने आधी ऑनलाइन निघतात ती घ्या, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत पुरे. तिथूनही शहर पायाशी दिसतं आणि शिखराची वेगळी रांग वाचते.

संडासाबद्दल आपण लाजतो, म्हणून सविस्तर लिहितो. साठी-सत्तरीत वारंवार जावं लागतं, त्यात बीपीच्या गोळ्या. बाहेर बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात, आणि पैसे पडतात म्हणून ही माणसं पाणीच पीत नाहीत! इथल्या हायवेवर एका युरोचं नाणं टाकून आत जायचं हे कळल्यावर बाबा म्हणाले, "शंभर रुपयांची लघवी? पुढच्या गावात बघू." पुढचं गाव चाळीस किलोमीटरवर. उपाय एकच, सकाळीच त्यांच्या खिशात सुट्टी नाणी देऊन ठेवायची आणि हिशोब मागायचा नाही. हायवेवर त्या युरोचं कुपन मिळतं, ते दुकानात चालतं. हे सांगितल्यावर बाबांचा विरोध बराच मावळला. आणि आत पाणी नसतं, कागद असतो. रिकामी बाटली पिशवीत ठेवा, भाड्याच्या घरासाठी प्लास्टिकचा मग न्या. हसू नका, तीन दिवस पोट साफ नसलेला माणूस मोनालिसा बघू शकत नाही.

जेवणासाठी माझं मत ठाम आहे : हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. दुपारी बाहेर पिझ्झा मार्गेरिटा, फलाफल, फळं असं काहीही चालतं, पण रात्री वरणभात मिळाला की दुसऱ्या दिवशीची तक्रार निम्मी होते. कुकर नेणार असाल तर बुडाचा विचार करा. इथल्या बऱ्याच घरांत इंडक्शन असतं आणि त्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. तुर्की दुकानात कोथिंबीर, भेंडी, मिरच्या मिळतात. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच भरून ठेवा. मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी असतात.

येताना बॅगेत काय आणायचं, यावरून दरवर्षी फोनवर वाद होतात. युरोपीय संघात प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, श्रीखंड बाद. हापूसही बाद, कारण ताज्या फळाला रोप-आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. नारळाला मात्र ते लागत नाही, हे आईला कळल्यावर तिने दोन सोलून आणले. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चटण्या, भडंग खुशाल आणा. पॅरिसच्या लुव्ह्र संग्रहालयाबाहेरच्या बाकावर बसून कांदा घातलेलं सांगलीचं भडंग आम्ही खाल्लंय, आणि शेजारच्या जपानी कुटुंबालाही दिलंय. आषाढी मध्ये येत असेल तर उपासाचा विचार आधीच करून ठेवा. फ्रेंच फ्राइज उपासाला चालतात का, यावर आमच्याकडे झालेली चर्चा अजून अनिर्णित आहे.

डोंगरांकडे परत येतो. युंगफ्राऊयोख, म्हणजे बाबांची ती गाडी वर जिथे पोहोचते ते स्टेशन, ३,४५४ मीटरवर आहे. कळसूबाई १,६४६. म्हणजे तुम्ही आई-बाबांना कळसूबाईच्या दुपटीहून उंच नेताय, तेही दोन-तीन तासांत, बसल्या जागी, शरीराला सवय व्हायला वेळ न देता. तिथे हवा विरळ असते, प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी गावातल्या डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा. परवानगी मिळाली तर वर सावकाश चाला, तासा-दोन तासांत खाली या. नाही मिळाली तर त्यांच्यापुढे तोंड पाडू नका. लाउटरब्रुनेनच्या दरीत ३०० मीटरच्या आसपासचा धबधबा थेट गावावर कोसळतो. त्याच्या वर म्युरेन नावाचं बिनमोटारींचं गाव आहे, साधारण कळसूबाईच्या उंचीवर, आणि समोर आयगर, म्योंख, युंगफ्राऊ तिघं ओळीत उभे. बाबा बोगद्यातून गेले. आईने बर्फ हातात घेऊन झाल्यावर "चला आता खाली" म्हटलं आणि तिचा खरा जीव रमला तो म्युरेनच्या बाकावर, लोकांच्या खिडक्यांतली जिरॅनियम मोजत.

मुक्कामाची गावं दोनच ठेवा. बॅग उचलणं, खोली सोडणं, नवीन किल्ली, नवीन गिझर यात आपल्याला काही वाटत नाही, त्यांना वाटतं. आणि सहल पहिल्या आठवड्यात काढू नका. दोन-तीन आठवडे घरी राहू द्या, ट्राम, सिग्नल, थंडगार पाणी अंगवळणी पडू द्या. अगदी शेवटच्या आठवड्यातही नको. ताप आला तर तापातच विमानात बसावं लागतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, जिथे सर्वात जास्त दिवस राहणार त्या देशाचा काढायचा. आपल्याकडे जर्मनीत राहणार असतील तर जर्मनीचा, त्यावर पॅरिस-स्वित्झर्लंड होतं. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, त्यात येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरतात. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट शोधत बसू नका. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण जुनी दुखणी त्यात धरली आहेत का ते बारीक अक्षरांत वाचा. "आलोच आहोत तर लंडनही करू" असं काकांनी फोनवर सुचवलं तर नम्रपणे सांगा की त्याला वेगळा व्हिसा लागतो. शेंगेनच्या आतही मूळ पासपोर्ट जवळ हवा, सीमेवर गाडीत पोलीस चढतात.

पैशाबद्दल शेवटचं भांडण. बरेच मित्र आई-बाबांपासून किमती लपवतात. मला ते पटत नाही. बाबांनी आयुष्यभर घराचा हिशोब ठेवला, त्यांना बिल उलटं ठेवलेलं लगेच कळतं. मी निघायच्या आधीच एकूण आकडा सांगून टाकतो : एवढे गेलेत, परत मिळणार नाहीत, आता दर कॉफीला रुपये करायचे नाहीत. रुपये तरीही होतात, पण चिडून नाही, मौजेने. आणि काहीतरी त्यांना देऊ द्या. बाबा सांगलीच्या बँकेतून फॉरेक्स कार्ड घेऊन आले होते, ते वापरायला मिळेना म्हणून दोन दिवस घुम्यासारखे होते. पॅरिसला सेन नदीतल्या बोटीची तिकिटं त्यांनी काढली, सगळ्यांची. आईने लगेच विचारलं, "अहो, कितीला पडली?" तर म्हणाले, "तुला काय करायचंय?"

आता पुढच्या उन्हाळ्यात सासू-सासरे येतायत. यादी आलीय, वरती व्हेनिस. 'कशासाठी'चं उत्तरही आलंय : सासूबाईंना पाण्यावरचं गाव बघायचंय, सासऱ्यांना सासूबाईंना ते दाखवायचंय. अडचण अशी की त्या गावात चारशेच्या वर पूल, बहुतेकांना पायऱ्या, आणि सासऱ्यांचा एक गुडघा बदललेला. वापोरेत्तोच्या, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसच्या, थांब्यांचा नकाशा घेऊन बसलोय, कुठल्या थांब्यापासून काय काय एकही पूल न चढता गाठता येतं ते खुणा करून ठेवतोय. कुणी काठीवाल्या माणसाला घेऊन जाऊन आलं असेल तर एवढं सांगा, मुक्काम बेटावर केलात की पलीकडे जमिनीवरच्या मेस्त्रेला? आणि घराला लिफ्ट होती का?