पांढरी गाठ म्हणजे केसाचं मूळ नव्हे

‘कंगव्यातल्या केसाच्या टोकाला पांढरी गाठ दिसली की मूळच उपटलं गेलं, तिथे पुन्हा केस येणार नाही, मुळांना रोज तेल पाजा.’ हा संदेश घरोघरी फिरतो आहे. बाळंतपणानंतर केस गळणाऱ्या कितीतरी जणी तो वाचून हवालदिल होतात, म्हणून एकेक दावा तपासू.

‘गाठ म्हणजे मूळ.’ नाही. केस घडवणारी जागा टाळूच्या कातडीत साधारण 4 मिलिमीटर खोल असते. केस ज्या नळीसारख्या खळग्यातून उगवतो त्या केशकूपाच्या तळाशी पॅपिला हा पेशींचा झुबका असतो. त्यात बारीक रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात. त्याच्यावर टोपीसारख्या बसलेल्या मॅट्रिक्स पेशी भराभर विभागतात, वर सरकताना केराटिन या कडक प्रथिनाने भरतात आणि मरतात. त्या मेलेल्या पेशींचा दांडा म्हणजेच केस. शेजारच्या मेलॅनोसाइट पेशी त्याला रंग देतात. हे 2 ते 6 वर्षं चालतं. मग विभाजन थांबतं, रंगही बंद होतो आणि कूपाचा खालचा भाग 2-3 आठवड्यांत आक्रसतो. केसाच्या बुडाशी उरते ती कडक, बिनरंगी केराटिनची गाठ. गाठ पांढरी दिसते ती यामुळे. पॅपिला मात्र कातडीतच राहते.

काळ्या कागदावर केस ठेवून भिंगातून पाहा. कोरडी, गदेसारखी पांढरी गाठ असेल तर केस मुदत संपून गळला. बूड काळपट, मऊ आणि भोवती पारदर्शक वेष्टण असेल तर वाढता केस ओढून निघाला. गाठच नसेल तर केस मध्येच तुटला.

‘तिथे पुन्हा केस येत नाही.’ हा दावा सर्वांत घातक. तेलग्रंथीच्या जरा खाली, केस उभे करणारा स्नायू जिथे चिकटतो तिथे, कूपाच्या बाहेरच्या आवरणाला फुगवटा असतो. त्यात स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशी, असतात. 2-3 महिन्यांच्या विश्रांतीनंतर पॅपिलाच्या इशाऱ्याने नवा कूप खाली वाढतो आणि केस पुन्हा सुरू होतो. वाढता केस उपटला तरी बहुधा तसंच होतं. बाळंतपण किंवा मोठा ताप यानंतर 2-3 महिन्यांनी मूठभर केस जातात, कारण एकाच वेळी अनेक कूप विश्रांतीत गेलेले असतात. ते मेलेले नसतात. एरवीही दिवसाला 50 ते 100 केस गळतात. आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्यांना ते एकदम दिसतात, इतकंच.

‘मुळांना तेल पाजा.’ पॅपिलाचं पोषण रक्तातून होतं. वरून चोळलेलं तेल तिला खाऊ घालत नाही. खोबरेल तेल केसाच्या दांड्यात शिरतं आणि धुताना त्यातली प्रथिनं कमी निघतात. तुटणाऱ्या केसांना त्याचा उपयोग आहे, गळणाऱ्यांना नाही.

घाबरायची खूण वेगळी आहे: टाळूवर गुळगुळीत चट्टा, त्यात केसांची छिद्रंच दिसेनाशी झालेली, कडेला लाली, खाज किंवा खपल्या. तिथे दाहाने फुगवट्यातल्या स्टेम सेल नष्ट होतात आणि कूपाच्या जागी व्रण भरतो. गेलेला कूप परत येत नाही, पण शेजारचे वाचवता येतात. अशा वेळी तेल बदलत बसू नका. त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.