सगळे एकाच वेळी जेवायला बसतील असा स्वयंपाक

चार माणसे जेवायला येणार म्हणून मी एकदा पनीरची भाजी केली होती. यजमानांचे एक सहकारी लातूरला नव्याने राहायला आले होते, त्यांचे चौघांचे कुटुंब येणार होते. प्रत्यक्षात गावाकडून अचानक आलेले त्यांचे आईवडील आणि एक भाचा धरून सातजण दारात उभे राहिले. त्या संध्याकाळी मी ओट्यापाशी उभी राहून कढईतले पनीरचे तुकडे अक्षरशः मोजले, स्वतःच्या मुलांना डोळ्यांनी दटावले आणि सर्वांत शेवटी नुसत्या रश्शाबरोबर दोन पोळ्या खाल्ल्या. पाहुण्यांच्या ते लक्षात आले नसावे. पण दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भाजी निवडता निवडता एवढेच विचारले, "घरात तूरडाळ नव्हती का गं?"

त्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार करत होते, आणि ही पोस्ट त्याच विचाराची आहे. घरी चार माणसे बोलवायची म्हटले की आपण हॉटेलच्या पदार्थांकडे का वळतो, याचे उत्तर सोपे आहे: घरचे रोजचे जेवण पाहुण्यांपुढे ठेवायला आपल्याला संकोच वाटतो. वास्तविक आपल्या मराठवाड्यातला रोजचा स्वयंपाक हा आयत्या वेळी आलेल्या माणसाला धरूनच रचलेला आहे. त्यात मोजण्याजोगे तुकडे फारसे नसतात. डाळ असते, पीठ असते, पालेभाजी असते, आणि हे सगळे एकमेकांत मिसळून वाढवता येते. म्हणून पाहुण्यांसाठी पदार्थ निवडताना मी आता दोनच गोष्टी पाहते. आयत्या वेळी तीन माणसे वाढली तर तो पदार्थ चव न बिघडता पुरवता आला पाहिजे, आणि तो केल्यावर मलाही सर्वांबरोबर पानावर बसता आले पाहिजे. यातली दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

पहिल्या अटीचे सर्वांत देखणे उत्तर म्हणजे येसर. माझे माहेर परभणीकडचे. तिथल्या लग्नघरात येसराच्या आमटीचा वास आला नाही तर लग्न लागल्यासारखे वाटत नसे. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, जिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल आणि सुक्या मिरच्या हे सारे वेगवेगळे खमंग भाजून एकत्र दळले की येसर होतो. घराघराचे प्रमाण वेगळे असते आणि प्रत्येकीला आपलेच बरोबर वाटते. कांदा, लसूण आणि सुके खोबरे भाजून केलेले वाटण तेलात परतायचे, पाणी घालून उकळी आणायची आणि एक लिटर पाण्याला तीन-चार मोठे चमचे या अंदाजाने येसर घालायचा. तो आधी गार पाण्यात कालवून घ्यावा, कारण उकळत्या पाण्यात कोरडा टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या मग काही केल्या मोडत नाहीत. भाजलेल्या धान्याचे पीठ असल्यामुळे उकळताना आमटीला आपोआप दाटपणा येतो. पंगतीत माणसे वाढली तर तांब्याभर पाणी आणि दोन चमचे येसर आणखी घातला, मीठ-तिखट पाहिले, की आमटी पुन्हा पहिल्यासारखी होते. नुसते पाणी वाढवलेल्या वरणासारखी ती केविलवाणी दिसत नाही. हे ज्या कोणा बाईला प्रथम सुचले असेल, तिच्या घरी पाहुण्यांचा राबता मोठा असला पाहिजे.

मात्र या 'वाढवण्या'चे मी भाबडे कौतुक करणार नाही. आमटीत पाणी वाढवणे हे जसे औदार्य होते तशीच ती टंचाईही होती. १९७२ च्या दुष्काळात आत्याबाई नुकत्याच सासरी आलेल्या होत्या. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे कोरडे पौष्टिक खाणे, आणि बाहेरून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी यांच्याबद्दल त्या आजही बोलतात तेव्हा त्यांच्या आवाजात कसलाही स्मरणरंजनाचा सूर नसतो. शिवाय भांड्यातला दाट भाग कोणाच्या ताटात जात असे आणि तळाशी उरलेले पाणी कोण पीत असे, हे आपल्याला ठाऊक आहे. न मोजता वाढणाऱ्या त्या घरांत एका व्यक्तीचा वाटा रोज मोजला जात होता, आणि ती व्यक्ती चुलीपुढे बसलेली होती. पनीरच्या त्या रात्री मी रश्शाबरोबर पोळी खाल्ली, तेव्हा मी काही नवीन केले नव्हते. पदार्थ तेवढा नवा होता.

म्हणूनच आता जे लिहिणार आहे त्यावर आमच्या भागातले लोक रागावतील, तरीही लिहिते. पाहुण्यांच्या जेवणात मी तव्यावरची गरम भाकरी वाढणे बंद केले आहे. ज्वारीच्या भाकरीवर माझे प्रेम कमी नाही. मालदांडीच्या ताज्या पिठाची, टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली भाकरी आणि वर लोण्याचा गोळा यापुढे मला काही सुचत नाही. परंतु भाकरी एकेक करून थापावी लागते, एकेक करून भाजावी लागते आणि गरम खायची तर खाणारा एकीकडे आणि थापणारी दुसरीकडे अशी विभागणी अटळ होते. सात माणसांना प्रत्येकी दोन म्हटल्या तरी चौदा भाकरी होतात, आणि तेवढा वेळ जी परातीपुढे उभी असते तिला बाहेरच्या गप्पांतले फक्त हसणे ऐकू येते. पीठ जुने असेल, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असेल, तर आधणाचे पाणी घालून मळण्याचे कष्ट वेगळेच. म्हणून पाहुणे येणार असतील तेव्हा मी भाकरी सकाळीच करते, त्या विस्तवावर कडक करून ठेवते आणि कुस्करून खाणाऱ्यांसाठी टोपलीत मांडते. ज्यांना गरमच हवी असेल त्यांच्यासाठी स्वयंपाकघराचे दार उघडे असते.

मग मुख्य पदार्थ कोणता? माझे उत्तर ठरलेले आहे: वरणफळे. पाच माणसांसाठी वाटीभर तूरडाळ मऊ शिजवून, घोटून घ्यावी आणि सात-आठ वाट्या पाणी घालून पातळ करावी. करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलात मोहरी, जिरे, हिंग, भरपूर ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता यांची फोडणी करून त्यात हळद आणि घरचा काळा मसाला घालावा, वरण ओतावे आणि चिंचेचा कोळ व सुपारीएवढा गूळ घालून उकळत ठेवावे. दोन वाट्या कणकेत ओवा, तिखट, मीठ आणि चमचाभर तेल घालून ती पुरीच्या कणकेसारखी घट्ट मळावी, मोठ्या पोळ्या लाटाव्या आणि शंकरपाळ्यासारखे काप करावेत. हे काप सोडताना वरण खळखळ उकळत असले पाहिजे आणि काप एकेक करून सोडले पाहिजेत. घाईने मूठभर टाकले तर त्यांचा गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत फळे शिजतात. थांबले की ते दाट होत जाते, म्हणून शेजारी गरम पाणी ठेवावे. वरून साजूक तूप, कोथिंबीर, सोबत कच्चा कांदा, भाजलेला पापड आणि शेंगदाण्याची चटणी असली की दुसरे काही लागत नाही. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा हाच विचार आला की या दोन्ही गोष्टी तर वरणफळांच्या एकाच पातेल्यात नांदतात. अर्थात मानांकन नसलेली डाळही तितक्याच आनंदाने शिजते.

या पदार्थाचा खरा गुण असा की शेवटचा काप पातेल्यात पडला की स्वयंपाकघरातले काम संपते. पातेले उचलून मधोमध ठेवायचे, मोठा डाव ठेवायचा आणि आपणही मांडी घालून बसायचे. आयत्या वेळी तीन माणसे वाढली तर आणखी वाटीभर कणीक मळायची आणि तीन वाट्या पाणी वाढवायचे. मीठ-मसाला त्या मानाने घालायला मात्र विसरू नये. मी एकदा विसरले होते आणि सगळ्यांनी सभ्यपणे चटणीवर चटणी घेतली होती.

हुलग्याचे शेंगोळे याच जातीचे आहेत. लसूण, जिरे, मिरची वाटून घातलेले हुलग्याचे पीठ घट्ट मळून हातावर वळायचे आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. पिठामुळे रस्सा स्वतःच दाट होतो. वळायला वेळ लागतो हे खरे, पण ते काम सर्वांना वाटून देता येते आणि मुलांना त्यात मजा वाटते. त्यांचे शेंगोळे जाड-बारीक होतात, काही आतून कच्चे राहतात, तरी चालवून घ्यावे. धपाटे आदल्या दिवशी करून ठेवता येतात आणि दह्याबरोबर गारच चांगले लागतात. सकाळी कोणी आले तर सुशीला आहेच: मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतायचे आणि वर डाळव्याचे, म्हणजे भाजक्या हरभऱ्याच्या डाळीचे, कूट घालायचे, की दहा मिनिटांत बशा भरतात. हे नाव ऐकून बाहेरगावचे पाहुणे नेहमी हसतात, मग दुसऱ्यांदा मागून घेतात.

वाटून खाण्याची आमची सगळ्यात मोठी तालीम मात्र वेळ अमावस्येला होते. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मार्गशीर्षातल्या या अमावस्येला, ज्याला बोलीत आम्ही येळवस म्हणतो, अख्खे गाव शेतात जेवायला जाते आणि शहरातल्या बाजारपेठा दुपारी ओस पडतात. शेतात कडब्याची कोप उभी करायची, चुना लावलेल्या पाच दगडांना पांडव म्हणून पुजायचे, आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची आणि मग पंगत मांडायची. या दिवशीची भज्जी ही माझ्या मते मराठवाड्यातली सर्वांत समंजस भाजी आहे. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे आणि पावट्याचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर असे रानात आणि बाजारात जे मिळेल ते शिजवायचे, घोटायचे, चिंचेच्या कोळात कालवलेले बेसन लावायचे आणि हिरवी मिरची-लसणाची खरपूस फोडणी द्यायची. शेजारणीने ऐनवेळी आणलेली मेथीची जुडीही त्यात सामावते. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची आंबील आणि गव्हाची खीर. उंडे सकाळीच उकडून झालेले असतात, आंबील आदल्या रात्रीपासून माठात असते, भज्जी घरूनच शिजवून डोक्यावरच्या टोपल्यातून आलेली असते. त्यामुळे शेतात पोहोचल्यावर कोणालाही चुलीपुढे बसावे लागत नाही. वर्षातून हा एक दिवस असा, की माझ्या आठवणीतल्या सगळ्या बायका पुरुषांबरोबर एकाच पंगतीत, उन्हात बसून जेवल्या. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवले जाते, आणि तो किती खाईल याचा हिशेब कोणाच्या मनात येत नाही. हीच भज्जी मी आता हिवाळ्यात महिन्यातून दोनदा घरी करते. सणाचा पदार्थ इतर दिवशी करावा का, असे जाऊबाईंनी विचारले होते. दाणे बाजारात आहेत तोवर करावा, असे माझे मत आहे.

नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात आम्ही लंगरमध्ये जेवलो, तेव्हाही मला याच गोष्टीने बांधून ठेवले होते. डाळ आणि रोटी असे साधे जेवण, पंगतीत कोणीही बसावे. आणि रोट्या लाटायला बायकांच्या बरोबरीने पुरुष बसलेले. घरी परतताना यजमानांना मी ते मुद्दाम दाखवून दिले नाही, पण शंकरपाळ्यासारखे काप करण्याचे काम त्यानंतर त्यांच्याकडे गेले, ते आजतागायत त्यांच्याकडेच आहे. काप वेडेवाकडे होतात, हे त्यांना सांगण्याची घरात सर्वांना मनाई आहे.

त्या सात पाहुण्यांना आम्ही पुढे पुन्हा बोलावले, तेव्हा वरणफळेच केली होती. सहकाऱ्यांच्या आईंनी पहिला घास घेतला आणि आमच्याकडे यांना चकोल्या म्हणतात असे सांगून त्या लसूण किती घातला याच्या चौकशीला लागल्या. मागच्या वेळी पनीर खाताना त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या. आत्याबाईही त्या दिवशी आमच्याबरोबरच बसल्या. वरणफळांनी पोट भरले तरी त्यांना वर चतकोर भाकरी लागते. ती सकाळचीच असते, आणि त्या ती टोपलीतून स्वतः काढून घेतात.