पोस्टाचा शिक्का म्हणजे पेटंट नव्हे

"कल्पना सुचली की लिहून काढा, पाकीट सील करा, स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि आलं की फोडू नका. शिक्क्याची तारीख हेच तुमचं फुकटातलं पेटंट. शोध, कल्पना, कॉपीराइट सगळं त्यात आलं. मग वस्तूवर बिनधास्त 'पेटंटेड' छापा." हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. आता भाचा विचारतोय, "मामा, पाकीट आजच टाकू का?" म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी ते पाकीट. रिकामं, उघडं पाकीट स्वतःला पाठवायचं आणि कागद नंतर भरून चिकटवायचं, हे शाळकरी पोरालाही सुचेल. पण खरी अडचण वेगळीच आहे. पेटंटमध्ये बघतात ते आधी अर्ज कोणी केला हे, आधी कोणाला सुचलं हे नाही. आणि दुसऱ्याचा अर्ज 'हे जुनंच आहे' म्हणून पाडायचा, तर ते आधी लोकांसमोर आलेलं असावं लागतं. बंद पाकीट नेमकं कोणीच वाचलेलं नसतं. हळदीने जखम भरण्यावर अमेरिकेत 1995 मध्ये दिलेलं पेटंट 1997 मध्ये रद्द झालं. ते काही 'आमची आजी लावायची' एवढ्यावर नव्हे, सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने छापून प्रसिद्ध झालेले पुरावे पुढे ठेवले म्हणून.

एक मात्र कबूल. तारखेची नोंद अगदीच वाया जात नाही. कोणी तुमच्याकडूनच ढापून अर्ज केला, तर तारखा घातलेली वही कामाला येते. लेख किंवा चित्र असेल तर कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. पण तो मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात 1978 मध्येच हे स्पष्ट केलंय.

शब्दांचा घोळ आपलाही आहे. मराठीत गुरुत्वाकर्षणाचाही शोध, टेलिफोनचाही शोध आणि चोराचाही शोधच. पेटंट कायदा, 1970 मात्र निसर्गात होतं ते सापडणं आणि नवं घडवणं वेगळं धरतो. पहिल्याला कलम 3 मध्ये सरळ नकार आहे. संदेशाच्या शेवटी 'पेटंट संशोधन कायदा 2005'चा हवाला आहे, तो तर हिंदीतून जसाच्या तसा उचललेला. तिथे संशोधन म्हणजे दुरुस्ती!

कल्पना आणि पेटंट यातला फरक उदाहरणाने बघा. 'शिट्ट्या मोजून गॅस बंद करणारा कुकर' ही नुसती कल्पना. शिट्टीचा आवाज ओळखणारा माइक, आवाज सलग दोन सेकंद टिकला तरच एक शिट्टी धरणारं सर्किट आणि गॅसच्या नळीवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होणारी झडप), असं कसं चालतं ते सांगितलं की पेटंटची भाषा सुरू होते. (शिट्ट्या मोजणारी यंत्रं आधीच आहेत, म्हणून उघड लिहितोय.)

पाकिटाऐवजी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज करा: फॉर्म 1 (अर्ज), फॉर्म 2 (शोधाचं वर्णन), आकृत्या. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन फी 1,600 रुपये. त्या दिवसाची तारीख पक्की होते. 12 महिन्यांत कंप्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं संपूर्ण वर्णन, दिलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. लोक घसरतात ते इथे: प्रोव्हिजनलमध्ये दोन ओळी खरडतात आणि व्हॉल्व्ह नंतर घालतात. मग व्हॉल्व्हला पहिली तारीख मिळत नाही. आणि अर्जाआधी रील टाकली, तर नवेपण तुम्हीच घालवलंत.

राहिलं 'पेटंटेड' छापणं. सगळ्यात घातक सल्ला हाच. पेटंट नसताना तसं छापलं तर पेटंट कायद्याच्या कलम 120 खाली दंड 10 लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो, आणि छापणं चालूच ठेवलं तर वर दिवसाला 1,000. अर्ज न करता 'पेटंट पेंडिंग' लिहिणंही त्याच कलमात येतं. भाच्याने स्टिकरं छापायला दिली असतील, तर आधी ती थांबवावीत.