चुलीचा धूर आणि वणव्याचा धूर : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना शेवटचा प्रश्न मनात रुतून बसला, म्हणून खाली दोन ओळी टाकून मोकळी न होता इथे सविस्तर लिहिते आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचा धूर आमच्या भागात उतरतो तेव्हा काय काळजी घ्यावी, हे मी लिहिलं होतं. खिडक्या बंद ठेवा, एअर प्युरिफायर लावा, बाहेर पडलात तर एन-९५ मास्क घाला, आणि ओल्या रुमालाने काही होत नाही, असं. त्यावर भोरकडच्या या दादांनी लिहिलं, "आमच्या आईने चाळीस वर्षं चुलीपुढे काढली, तिला काही झालं नाही. आमच्याकडे दर उन्हाळ्यात डोंगर पेटतात. एक्यूआय शंभर झाला की तुम्ही दारं लावून घेता, आम्ही शंभराला फिरायला जातो. आणि ज्याला रानात गेल्याशिवाय भागत नाही त्याने घरात कसं बसायचं, ते तुमच्या लेखात कुठे आहे?" (एक्यूआय म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा निर्देशांक; आकडा मोठा, तितकी हवा वाईट.)

आधी चुलीचं बोलू, कारण माझ्या आईनेही चूलच फुंकली आहे. जुन्नरकडे, पंचवीस वर्षं. "तिला काही झालं नाही" हे मीही २०१८ पर्यंत अगदी असंच म्हणत होते. दर थंडीत तिला खोकला यायचा, त्याला आम्ही घरात थंडीचा खोकला म्हणायचो आणि आल्याचा काढा द्यायचो.

त्या वर्षी ती दिवाळीला आमच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला आली होती. लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला झालं. दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी, इथून सुमारे अडीचशे किलोमीटर उत्तरेला पॅराडाइज गावाजवळ आग लागली. ते गाव जवळजवळ सगळं जळालं आणि ८५ माणसं गेली. त्याच आगीचा धूर त्याच दिवशी खाली आमच्यापर्यंत येऊ लागला आणि जवळजवळ दोन आठवडे हलला नाही. १६ नोव्हेंबरला तर बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, बहुतेक शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

चौथ्या-पाचव्या दिवशी आई आमच्या घराच्या जिन्यावर मध्येच बसली. पंधरा पायऱ्यांचा जिना. एका हाताने कठडा धरला होता, दुसरा छातीवर, आणि बोलायला श्वास पुरत नव्हता. डॉक्टरांनी तिला नळीत फुंकायला लावलं, आकडे बघितले आणि विचारलं, "या किती वर्षं सिगारेट ओढत होत्या?" मी मराठीत सांगितलं तेव्हा ती इतकी शरमली की पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत राहिली. तिच्या श्वासाच्या नळ्या आकसलेल्या होत्या आणि ते काही चार दिवसांत झालेलं नव्हतं. चुलीने ते वर्षानुवर्षं गुपचूप केलं होतं, वणव्याच्या धुराने फक्त उघडं पाडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुराने २०२० या एका वर्षात जगभरात ३२ लाख माणसं दगावली. त्यांच्यापैकी किती घरांत "तिला काही झालं नाही" असंच म्हणत असतील, असं मला तेव्हापासून वाटतं.

लाकडाच्या आणि गवताच्या धुरात जे कण घात करतात ते पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनच्याही आतले. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. दमेकऱ्यांना आणि हृदयविकार असलेल्यांना त्यांचा त्रास आधी होतो. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांनाही जपावं लागतं. ओला रुमाल राख अडवतो, घशाला बरं वाटतं. हे कण मात्र त्याच्या विणीतून आरपार जातात.

त्या दिवसांत आम्ही एक छोटं मीटर आणलं होतं, हवेतले कण मोजणारं. खिडक्या बंद, एका खोलीत प्युरिफायर चालू, आकडा वीसच्या आत. मी समाधानात होते. मग आईने आमटीला फोडणी दिली. मोहरी तडतडली, मिरची पडली आणि दोन मिनिटांत आकडा दीडशेच्या पुढे गेला. स्वयंपाकघरातला पंखा लावावा तर तो आतली हवा बाहेर फेकतो आणि तितकीच धुराची हवा फटींतून आत ओढतो. देवापुढच्या उदबत्तीनेही तेच केलं. आईला उदबत्ती लावू नकोस म्हणणं मला फार जड गेलं. तिने स्वतःच मीटर देवघरात नेऊन ठेवलं, एक काडी लावली, आकडा चढताना बघितला आणि काडी विझवली. त्यानंतर धूर जाईपर्यंत कुकरमधली खिचडी, वरून कच्चं तूप आणि देवाला नुसती फुलं. दारं लावली की आपण सुरक्षित, ही समजूत मोडायला मला ती फोडणी लागली, आणि नेमकं हेच मूळ लेखात ठसठशीतपणे यायला हवं होतं.

आता तुमचा शंभर. तुमचा शंभर आणि आमचा शंभर एक नाही. भारतात पीएम २.५ चं २४ तासांचं मानक घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. हवेत तेवढे कण असले की भारतीय एक्यूआय १०० येतो आणि शेरा मिळतो 'समाधानकारक'. तीच हवा अमेरिकी मोजपट्टीवर दीडशेच्या वर जाते आणि तिथे शेरा असतो आरोग्याला अपायकारक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी सांगितलेली मर्यादा तर अवघी १५ आहे. म्हणून अ‍ॅपवर एक्यूआय बघण्याऐवजी मायक्रोग्रॅमचा आकडा शोधा. शिवाय भारतीय एक्यूआय २४ तासांच्या सरासरीवर निघतो. सकाळी दोन तास दरीत धूर कोंडला तरी तो त्या सरासरीत बुडून जातो.

जवळपास मोजयंत्रच नसेल तर समोरचा डोंगर बघा. रोज स्पष्ट दिसणारी झाडं पुसट झाली की धूर खाली आहे. आकाशाच्या रंगावर मात्र जाऊ नका. ९ सप्टेंबर २०२० ला सॅन फ्रान्सिस्कोवर भर दुपारी आकाश नारिंगी झालं, गाड्या दिवे लावून चालल्या, ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. त्या दिवशी धूर उंचावर होता आणि खालच्या समुद्री धुक्याने त्याला वर अडवून धरलं होतं, त्यामुळे जमिनीलगतची हवा तितकी वाईट नव्हती. पुढच्या दोन-तीन दिवसांत आकाश साधं करडं दिसलं, आणि खरी वाईट हवा तेव्हा होती.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तो बरोबर आहे, आणि ते माझ्या लेखात नव्हतं. मी घरी बसून काम करू शकणाऱ्यांसाठी लिहिलं, कारण मी स्वतः तशी आहे. इथेही द्राक्षाच्या आणि स्ट्रॉबेरीच्या रानात माणसं धुरात राबतातच. २०१९ पासून कॅलिफोर्नियात नियम आहे की एक्यूआय १५१ झाला की मालकाने बाहेर काम करणाऱ्यांना एन-९५ मास्क द्यायचे. तुमच्याकडे डोंगर पेटला की गावची पोरं ओल्या फांद्या घेऊन वर धावतात. राब भाजायच्या, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळायच्या, दिवसांत बाया धुरातच वाकून काम करतात. त्यांना हे मास्क कोण देणार?

निदान इतकं करता येईल. मास्क घेताना त्यावर एन-९५ किंवा एफएफपी २ आणि आयएस ९४७३ (हा भारतीय मानकाचा क्रमांक) असं छापलेलं बघा. दोन पट्ट्यांचा घ्या. वरची पट्टी डोक्याच्या मागे उंचावर, खालची मानेवर, आणि नाकावरची तार दोन्ही हातांनी दाबून बसवा. श्वास सोडल्यावर कडेने वारा लागला तर तो बसलेला नाही. दाढीवर तो नीट बसत नाही. तुम्ही म्हणाल मास्कने दम लागतो, आणि लागतोच, म्हणून मध्ये मध्ये धुरापासून लांब जाऊन तो काढा. धूर रात्रभर खाली दरीत साठतो आणि ऊन चढलं की वर उठतो, तेव्हा भल्या पहाटेचं अंगमेहनतीचं काम त्या दिवसांपुरतं तासा-दोन तासांनी पुढे ढकला. दुपारच्या उन्हात मात्र नको.

आणि रात्र वाचवा. दिवसा टाळता येत नाही त्याला रात्रीचे आठ तास तरी स्वच्छ हवेत मिळायला हवेत. कौलारू घरात खोली बंद होत नाही हे मला माहीत आहे. स्लॅबची एखादी खोली असेल, स्वतःची किंवा भावकीत, तर म्हाताऱ्यांना आणि पोरांना तिथे झोपवा, दाराखाली ओला टॉवेल सारा. खोली फार तापत असेल तर खिडकी उघडा, उकाड्याने जीव जाण्यापेक्षा ते बरं. त्या दिवसांत स्वयंपाक गॅसवर, आणि अंघोळीच्या पाण्याची चूल दारापासून लांब.

तुमच्या आईंचं सांगून थांबते. डोंगर पेटायला लागण्याआधी त्यांना एकदा स्पायरोमेट्रीला, म्हणजे फुप्फुसांच्या तपासणीला, घेऊन जा, खोकला असो वा नसो. त्यात सुई नाही, दुखत नाही, नळी तोंडात धरून जोरात फुंकायचं असतं. माझ्या आईने ती नळी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "ही तर फुंकणीच आहे की."